तांबड्या दिव्यामागची खुर्ची

घटना : आइस हॉकीची प्लेऑफ सेमीफायनल. स्थळ : इंग्लंडातील आमच्या गावचे बर्फाचे रिंक. साक्षीदार : मी स्वतः, माझी पत्नी व गच्च भरलेले स्टँड. ज्याच्यासाठी हे लिहितो आहे, त्याचे नाव त्यानेच लिहू दिले नाही.

गोलमागे काचेआड बसून, गोल झाला की तांबडा दिवा लावणे, हे त्याचे विनावेतन काम होते. इथेच जन्मलेला हा मराठी तरुण बसण्यापूर्वी गळ्यातला आमच्या टीमचा मफलर काढून, घडी करून खिशात ठेवी.

त्या दिवशी बरोबरीनंतरच्या ओव्हरटाइममध्ये, जिथे पहिला गोल तोच निकाल, पाहुण्या टीमने मारलेला पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, आमच्या गोलकीपरच्या पायाखालून रेषेपार सरकला. काचेआडच्या आमच्या तरुणाने दिवा लावला. आमचा सीझन तिथेच संपला.

“त्यांच्याच बसमधून घरी जा!” लोक ओरडले.

बाहेर पत्नी त्याला म्हणाली, “अरे, जरा थांबायचंस.”

“काकू, पक आत गेला ना. मग लाइट लावायलाच पाहिजे.”

पुढल्या सीझनला खुर्ची दुसऱ्यास दिली गेली. आता तो आमच्या शेजारी बसतो. मफलर खिशातच असतो, आणि गोल झाला की त्याचा अंगठा गुडघ्यावर दाबला जातो.

सबब रिंकच्या मॅनेजरसाहेबांस विनंती की, त्याची खुर्ची त्यास परत द्यावी. अथवा त्या दिवशी पक रेषेपार गेलाच नव्हता, असे मला सहीनिशी लेखी कळवावे.