रानबायच्या भिंतीवरचे डोळे

गणपती बसायच्या खोलीतली भिंत अर्धी चुन्याने पांढरी झाली होती, आणि उरलेल्या अर्ध्या भिंतीवर कुंचा फिरवायला गोदाचा हात उचलत नव्हता. चुना टपटप खाली गळत होता.

पूर्णगडच्या गोदाची भिंत बघायला चतुर्थीला वरच्या वाडीतूनही माणसे येत. दर साली ती देवामागे गेरूने रानबायची नवी हकीकत काढी, एकाला लागून एक चौकटींतून. रानबाय म्हणजे कासोटा खोचलेली अनवाणी बाई, हातात कोयती, मागे गावाची राखण करणाऱ्या राखणदार देवाचा पांढरा कुत्रा. चोर, दरोडेखोर, खुनी कुठेही दडो, ती त्याच्या दारात जाऊन उभी राही. ही बाई गोदाच्याच डोक्यातली. पण पोरे तिच्या नावाने शपथा घालत.

गोदाचा एक नेम होता. गुन्हेगाराला ती डोळे काढीत नसे. मूर्तीचे डोळे शेवटी आखतात, मग देव बघू लागतो. त्याच्यासमोर पाप्याला कशाला बघायला लावायचे?

गेल्या चतुर्थीला, म्हणजे एकोणीसशे एकतीस साली, शेवटच्या चौकटीत होडीतला एक जण दुसऱ्याला पाण्यात लोटत होता. लोटणाऱ्याला डोळे नव्हते. पुढे शिमग्यात शेजारच्या चिमाचा नवरा धाकू खाडीत सापडला, डोक्याला खोक पडलेली. होडी गावातल्याच दादूची, बरोबरही दादूच. "पाय घसरला," तो म्हणाला, आणि गावाने मान डोलावली.

यंदा भिंतीची ओल सुकायच्या आधीच गोदाने घाईने चुना ओढला, म्हणून जुना गेरू वर फुटला. तो फुटणारच. पण लोटणाऱ्याच्या तोंडावर आता दोन डोळे होते, आणि डाव्या भुवईत खाच.

"व्हयनी, हायस काय घरात?"

दारात दादू. भिंतीकडे बघता बघता त्याचा हात आपल्याच डाव्या भुवईतल्या खाचेवर गेला.

"ह्ये कुणी काढलंन?"

"मी नाय हो, भावजी. आपसूक उमटलं."

"मग मार की वरून हात! चिमा बघेल नि रडत बसेल." तो हसला. "दादला मुंबैत, तू हितं एकटी. जपून ऱ्हा गो."

तेवढ्यात अंगणात कुत्रा गुरगुरला. दादू मागच्या दाराने गेला, वहाणा पुढच्या दारातच टाकून.

गोदाकडे कुत्रा नव्हता.

तोंड पुसले, तर धाकू पुन्हा बुडणार. ठेवले, तर घरधनी येईपर्यंत आपण तरी दिसू का, कोण जाणे. गोदाने देवाच्या रिकाम्या पाटाला हात जोडले. "देवा, बघायला लावलंस ते तूच. आता सांभाळ."

तिने चुन्याची बादली झाकली, पदर खोचला आणि भिंत दाखवण्यासाठी चिमाला बोलवायला निघाली.