पाडव्याची उघडी खिडकी

अरुणा राजाध्यक्षच्या घरात मार सुरू होण्याआधी खिडक्या बंद व्हायच्या.

आधी हॉलची, मग झोपायच्या खोलीची, शेवटी स्वयंपाकघराची. तिचा नवरा शैलेंद्र घाई करत नसे. सिंगापूरच्या उकाड्यात हौगांगच्या त्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या खिडक्या दिवसभर सताड उघड्या असायच्या, त्यामुळे काच सरकल्याचा आवाज आला की अरुणाला पुढचं कळायचं. मग एसी लागायचा, रिमोट जागच्या जागी ठेवला जायचा आणि मग त्याचा हात उठायचा. लग्नाच्या एकोणतीस वर्षांत हा क्रम त्याने एकदाही मोडला नाही. राजाध्यक्ष शिस्तीचा माणूस आहे, असं त्याच्या बँकेतले लोकही म्हणायचे.

बाहेर या माणसाचं वागणं पाहून कुणीही ओवाळून टाकावं. मराठी मंडळाचा माजी अध्यक्ष. गणपतीच्या आरतीत खणखणीत आवाज त्याचाच, आणि कार्यक्रमात वयस्कर बायकांना खुर्ची ओढून द्यायला पुढे तोच. "अरुणा, नशीब काढलंस हो," असं तिला किती जणींनी सांगितलं असेल! ती हसायची. लांब बाह्यांचं ब्लाउज या हवेत का घालतेस, हे मात्र एकीनेही कधी विचारलं नाही.

तो तोंडावर मारत नसे. एकदाच चूक झाली. लेक चैत्राली तेव्हा सहा वर्षांची होती आणि काच सरकली की जेवणाच्या टेबलाखाली जाऊन बसायला शिकली होती. त्या संध्याकाळी भाजीत मीठ जास्त पडलं होतं, किंवा पडलं नव्हतं. त्याच्या सणसणीत थपडेने अरुणाच्या डाव्या कानाचा पडदा फाटला. डॉक्टरला तिने सांगितलं, बाथरूममध्ये पाय घसरला. डॉक्टरने मान डोलावली आणि थेंब लिहून दिले. तेव्हापासून त्या कानात एक बारीक शिट्टी वाजते, दिवसरात्र. कुकर उतरवायचा राहून गेल्यासारखी.

त्या कानाने तिला नोकरीत मोठं केलं, हे ऐकून कुणाला खरं वाटणार नाही.

पाया लेबार भागात मिसेस कोह नावाच्या एका खमक्या बाईचं छोटं ट्रॅव्हल ऑफिस आहे. अरुणा तिथे सोळा वर्षं जपानचं टेबल सांभाळत होती. कम्युनिटी क्लबच्या वर्गात जपानी शिकली होती. नोकरीला उपयोगी म्हणून शैलेंद्रने त्याला परवानगी दिली होती. दर वर्षी जानेवारी उजाडला की गिऱ्हाइकं यायची: आम्हाला साकुरा, तो चेरीचा बहर, बघायचाय, पण टोकियोची ती गर्दी नको, कुठेतरी शांत. मग मिसेस कोह बोट दाखवायच्या, "आस्क अरुणा." आणि अरुणाच्या वहीतून एकेक जागा निघायची. मुलं उरली नाहीत म्हणून बंद पडलेल्या शाळेच्या अंगणातलं एकुलतं एक झाड. एका डब्याची गाडी दिवसातून चार वेळा थांबते असं नदीकाठचं स्टेशन, जिथे फलाटापेक्षा फुलांचा सडा जास्त. डोंगरउतारावरचं जुनं कब्रस्तान आणि त्यावर ओणवलेलं दोनशे वर्षांचं झाड.

नवी जागा वहीत घालण्याआधी ती तिथल्या खानावळीला किंवा पोस्टात फोन लावायची आणि उजव्या कानाला रिसीव्हर धरून तीन प्रश्न विचारायची. टूरची बस येते का? रात्री झाडावर दिवे सोडतात का? पाण्याचा आवाज येतो का? पहिल्या दोन्हींचं उत्तर नाही आणि तिसऱ्याचं हो असेल, तरच जागा पक्की. गिऱ्हाइकांना वाटायचं, काय रसिक बाई आहे! रसिक कसली? वाहत्या पाण्याजवळ कानातली शिट्टी ऐकू येत नाही, एवढंच तिला ठाऊक होतं. हौगांगच्या बाथरूममध्ये नळ सोडून ती कधी कधी नुसती बसायची.

या जागांपैकी एकही तिने पाहिली नव्हती. पासपोर्ट शैलेंद्रच्या लोखंडी कपाटात असायचा आणि कपाटाची किल्ली त्याच्या खिशात. ऑफिसात सगळ्यांना वाटे, ही दहा वेळा तरी जाऊन आली असेल. तीही वाटू देई.

वहीतली एक जागा मात्र तिने कुणालाच विकली नाही. नागानोकडच्या डोंगरात हजार मीटर उंचीवर अकरा घरांची वाडी, ओढा, ओढ्याकाठी झाड आणि हात्सुए-सान नावाच्या म्हातारीची तीन खोल्यांची खानावळ. पूर्वी एकदा तिने ती एका जोडप्याला सुचवली होती, पण हात्सुए-सानने आपणहूनच फोनवर उणीदुणी सांगितली. न्हाणीघर बाहेर आहे, शेगडी जुनी आहे, ओढ्याकडच्या खोलीच्या खिडकीची चौकट फुगली आहे, ती पुरती बंद होत नाही, थंडी आत येते. जोडप्याने नाक मुरडलं. अरुणाने फोन ठेवला आणि वहीतलं ते पान फाडलं. त्या पानाची घडी घालून तिने ते पर्समध्ये ठेवलं. पुढची अकरा वर्षं दर नववर्षाला ती हात्सुए-सानला फोन करायची, झाडाची चौकशी करायची आणि ठेवून द्यायची.

आता पाडव्याचं सांगायला हवं.

सिंगापूरच्या अशा जुन्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर कपडे वाळत घालायचे बांबू असतात. अरुणा पाडव्याला त्यातलाच एक नवाकोरा घेऊन त्यावर गुढी उभारायची. रेशमी साडी, लिटल इंडियातून आणलेला कडुलिंब, साखरेच्या गाठी, वर पालथा घातलेला सासूबाईंचा चांदीचा गडू. बांबूचं बूड आत जाळीला बांधायचं आणि टोक तिरकं बाहेर काढायचं. म्हणजे त्या दिवशी ती खिडकी बंद होऊच शकत नसे. गुढी सूर्यास्ताआधी उतरवायची नाही, हा राजाध्यक्षांकडचा कडक नेम. शैलेंद्र त्याबाबतीत आईच्या वरताण. त्यामुळे वर्षात एक दिवस, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, अरुणाला मार पडत नसे. एकोणतीस पाडवे तिने मोजले होते. एकदाही नाही. बाकीच्या बायका त्या दिवशी नवं वर्ष साजरं करायच्या, ती श्वास घ्यायची.

गेल्या वर्षी पाडवा मार्चच्या शेवटच्या रविवारी आला. तिने त्या दुपारच्या विमानाचं तिकीट काढलं, महिन्याभराची रजा टाकली आणि रस्ता असा आखला की फुलं जशी डोंगर चढतात तसं आपणही चढायचं. आधी नदीकाठचं स्टेशन, मग शाळा, शेवटी एप्रिलअखेरीला हात्सुए-सानची वाडी. परत यायचं की नाही, ते त्या झाडाखाली बसून ठरवायचं होतं. पर्थला शिकणाऱ्या चैत्रालीला फोनवर सांगितलं तेव्हा ती आधी रडली, मग आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आई, जस्ट गो लाह. डोन्ट टेल हिम. प्लीज."

सकाळी शैलेंद्रने गडू काढायला कपाट उघडलं, नेहमीसारखी किल्ली दाराला लटकत ठेवली आणि सोवळं नेसायला गेला. खालच्या खणातून पासपोर्ट काढून पर्समध्ये टाकायला तिला अर्धं मिनिटही लागलं नाही. गुढी उभी राहिली, पूजा झाली. श्रीखंड-पुरी जेवून शैलेंद्र तृप्त मनाने बडीशेप चघळत बसला. बॅग मंडळाच्या हॉलला द्यायच्या भांड्यांची म्हणून दाराशी ठेवलेली होतीच. मुकाट्याने निघाली असती तर हातावर तुरी देऊन गेली असती.

पण तिला एकदा सांगायचं होतं. चोरासारखं जायचं नव्हतं. शिवाय खिडकी उघडी होती, गुढी वाऱ्यावर फडफडत होती, तिला कसली भीती?

"मी जपानला चाललेय," ती म्हणाली. "महिनाभर. एकटी."

शैलेंद्रने बडीशेप संपवली, तोंड पुसलं, उठला आणि हॉलची खिडकी लावली.

अरुणाला क्षणभर कळलंच नाही. मग झोपायच्या खोलीची काच सरकली. पाडव्याला! ती धावत स्वयंपाकघरात गेली आणि गुढीला पाठ लावून उभी राहिली. तो आला. गुढीकडे बघून थांबला, आणि तो थांबला तेव्हा तिला खरोखर वाटलं की वाचले. त्याने गुढीला हात जोडले. मग वाकून जाळीला बांधलेली दोरी सोडायला लागला.

"अहो, सूर्यास्त व्हायचाय," तिच्या तोंडून एवढंच निघालं.

"बाजूला हो."

ती झाली नाही. त्याने पहिला ठोसा पोटात मारला. ती वाकली, पण दोन्ही हातांनी बांबू धरूनच वाकली. त्याने तिचे केस धरून तिचं डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. पुऱ्यांचं तेल थंड होत होतं ती कढई खाली पडली, दोघांचे पाय त्या तेलात घसरायला लागले. तो बांबू आत ओढत होता, ती बाहेर ढकलत होती. पन्नाशी ओलांडलेली ही बाई आयुष्यात पहिल्यांदा कुणाशी झटापट करत होती आणि तिच्या घशातून जो आवाज येत होता तो तिला स्वतःलाही ओळखू येत नव्हता. त्याने कोपर हाणलं. ओठ फाटला, दात हलला, तोंडात रक्त भरलं. तरी तिने सोडलं नाही. त्याने तिच्या बोटांवर मूठ मारली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा काहीतरी मोडल्याचं तिला जाणवलं. आणि तेलकट बांबू दोघांच्याही हातून निसटला.

साडी हवेत एकदा पुरती पसरली. मग नऊ मजले खालून धातूचा आवाज आला आणि कुणीतरी किंचाळलं.

सिंगापुरात उंचावरून खाली वस्तू पडणं म्हणजे खेळ नव्हे. त्याला किलर लिटर म्हणतात आणि त्यापायी माणसं तुरुंगात जातात. गडू व्हीलचेअरवरच्या एका म्हाताऱ्यापासून हातभर अंतरावर आपटला होता. बांबूचे खालच्या वाटेवरच्या छपरावर दोन तुकडे झाले होते. समोरच्या ब्लॉकच्या खिडक्यांतून माणसं वर बघत होती, उघड्या खिडकीकडे, आणि खिडकीत अरुणा उभी होती, हनुवटीवरून रक्त ओघळणारी.

वीस मिनिटांत पोलीस दारात. एकोणतीस वर्षांत या घरात काय काय मोडलं, तेव्हा कुणी आलं नाही. एका बांबूसाठी दोघं आले, एक तरुण चिनी पोरगा आणि एक मलाय बाई. शैलेंद्रने तोवर शर्ट बदलला होता. आपल्या सफाईदार इंग्रजीत त्याने सांगितलं, आमचा सण आहे, वाऱ्याने काठी सुटली, बायको पकडायला गेली आणि तेलावर घसरून पडली. व्हेरी सॉरी. आणि त्याने अरुणाच्या खांद्यावर हात ठेवला.

मलाय बाईने अरुणाकडे पाहिलं. "मॅडम, काठी कुणी सोडली?"

पाय घसरला. एकोणतीस वर्षांचं पाठ वाक्य जिभेवर तयार होतं. खांद्यावरच्या बोटांनी दाब दिला. उघड्या दारापलीकडे शेजारची मिसेस ओंग उभी होती.

"हे काठी काढत होते," अरुणा म्हणाली. फाटक्या ओठाने शब्द नीट निघेनात. "खिडकी लावायची होती म्हणून."

"इतक्या उकाड्यात खिडकी कशाला लावायची?"

हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता.

"तुम्हाला कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून," ती म्हणाली, आणि खांद्यावरचा हात झटकून तिने बाह्या वर केल्या.

मग मिसेस ओंग रडवेल्या आवाजात दारातूनच म्हणाली, "आय नो लाँग टाइम ऑलरेडी लाह. विंडो क्लोज, आय नो." म्हणजे ही बाई वर्षानुवर्षं भिंतीपलीकडे मूग गिळून बसली होती! अरुणाला तिचा इतका संताप आला की शैलेंद्रला चौकशीसाठी घेऊन गेले तेव्हा तिचं तिकडे लक्षच नव्हतं.

विमान गेलं. ओठाला तीन टाके पडले, दोन बोटांना पट्टी बसली. त्यानंतरचे दिवस जबाब, तपासण्या, कोर्टाचा कागद यांत गेले. त्या कागदाने शैलेंद्रला घराच्या आसपास फिरकायला मनाई केली आणि तो भावाकडे राहायला गेला. मंडळातून दोन फोन आले. दोघींनीही विचारलं की थोडं समजुतीने घेता आलं नसतं का. तिने दोन्ही फोन अर्ध्यातच ठेवले. तेवढ्यात नदीकाठच्या स्टेशनावरची फुलं गळून गेली. मग शाळेचीही.

पण बहर चुकलेल्या गिऱ्हाइकांना ती सोळा वर्षं एकच सांगत आली होती: खाली संपला असेल तर वर जा, उंचावर उशिरा फुलतो. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात तिने पर्समधलं घडीचं पान काढलं आणि चांगल्या हाताने नंबर लावला.

"झाड अजून कळ्यांत आहे," हात्सुए-सान म्हणाली. "आठ-दहा दिवस लागतील. कुणाला पाठवताय? किती माणसं?"

"एक. मीच."

पलीकडे म्हातारी आनंदाने हसली. मग काळजीच्या सुरात म्हणाली, "ओढ्याकडची खोली देते. पण अहो, ती खिडकी अजून तशीच आहे हो, पुरती बंद होतच नाही. तुम्ही उष्ण देशातून येणार. सुताराला बोलावून दुरुस्त करून घेऊ का?"

अरुणाच्या ओठावरच्या टाक्यांच्या व्रणाला ओढ बसली. आपण हसतोय की रडतोय हे तिचं तिलाच समजेना.

"नको," ती म्हणाली. "तशीच राहू दे."