ताईच्या सालींचं चूर्ण

दिवसभर साली सोलून आलेली बाई घरी येऊन पुन्हा सालीच सोलत बसते, हे तुम्ही कुठे बघितलंय का? मी बघितलंय. ती माझी थोरली बहीण.

ताई एका प्रयोगशाळेत चौदा वर्षं काम करते. संत्री-मोसंबी सोलायची, साली ट्रेमध्ये पसरून मंद आचेवर वाळवायच्या, दळायच्या. त्या चूर्णातून तिथल्या मॅडम कसलंसं कडू द्रव्य काढतात आणि रोज सकाळी ताईच ते एकेका उंदराच्या तोंडात घालते. नखं कायमची पिवळी. बोटांच्या चिरांत रस गेला की "आई गं" म्हणते आणि पुढचं फळ उचलते. "कंटाळा नाही येत?" विचारलं तर म्हणते, "कंटाळायला वेळ कुठाय?"

मी शिंपी. अकरा वर्षं माझ्या आतड्याला सूज आहे. पँटचं माप घेता घेता गिऱ्हाइकाला टेपसकट उभं सोडून मी संडासाकडे पळालोय, एकदा नाही, दहादा. लोक हसतात. हसू देत. रोज सहा गोळ्या गिळून गिळून माझा जीव विटला होता.

एका संध्याकाळी ताई पिशवीसुद्धा खाली न ठेवता म्हणाली, "बारक्या, आज मॅडमनी मला सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. द्रव्य न दिलेल्या उंदरांच्या आतड्याचं अस्तर म्हणजे नुसत्या चिंध्या. आणि दिलेल्यांचं? अगदी शाबूत!"

प्रयोगशाळेतलं चिमूटभरही उचलणारी ती नव्हे. तिने बाजारातून फळं आणली, गच्चीवर साली वाळवल्या, दळल्या. रोज सकाळी एक चमचा, कोमट पाण्यातून. कडू जहर! "पण गोळ्या सोडायच्या नाहीत हं," असं तिने बजावलं होतं.

नवव्या दिवशी मी गोळ्या सोडल्या. तिला न सांगता. आणि काय सांगू, तीन आठवडे मी माणसासारखा जगलो. एका बैठकीत अख्खा कोट शिवला. ताई भांडी घासताना गुणगुणायला लागली. तिला गुणगुणताना मी जन्मात ऐकलं नव्हतं.

मग रक्त पडायला लागलं. थांबेचना. दवाखान्यात नेलं, पोट उघडलं, आतड्याचा वीतभर तुकडा काढून टाकला.

दुसऱ्या दिवशी ताई मॅडमना विचारून आली आणि माझ्या खाटेशी मटकन बसली. "द्रव्य आधी देतात रे. आठवडाभर. मग दुसऱ्या खोलीत दुपारपाळीचा माणूस पाण्यात रसायन घालून त्या उंदरांना आजारी पाडतो. सूज येऊ नये म्हणून ते द्रव्य. आलेली सूज त्याने जाते, असं कुणीच म्हटलं नव्हतं. माझ्या हाती येतात ते सगळे धडधाकटच असतात. रोज हातात धरते, तरी माझ्या डोक्यात कसं आलं नाही?"

तेव्हाच मी बोलायला हवं होतं. मी भिंतीकडे तोंड करून पडलो. दुखतंय म्हणालो. दुखत होतंच.

तीन दिवस ती तेच तेच बोलत राहिली. चौथ्या दिवशी म्हणाली, "मी काम सोडते. भावाचं आतडं कापायला लावणारे हात, त्यांनी आता काही करू नये." तेव्हा मात्र माझ्याने राहवेना.

"ताई, तुझ्या चूर्णाने काही केलं नाही. मीच गोळ्या सोडल्या होत्या."

तिने माझ्या चादरीची सुरकुती सारखी केली.

"माहीत होतं," ती म्हणाली. "केरात सापडल्या होत्या मला. तुझं रक्त पडायच्या आधी दहा-अकरा दिवस. विचारणारच होते. पण तू इतका बरा दिसत होतास बारक्या... वाटलं, माझ्या सालींचाच गुण आहे. चौदा वर्षांत एकदा तरी काहीतरी माझ्या हातून झालं. म्हटलं, अजून चार दिवस बघू."

मला संताप आला. खरंच आला. तेव्हाच बोलली असतीस तर, हे शब्द अगदी ओठांवर आले. मी ते गिळले. तिने विचारलं असतं, तरी मी तिच्या तोंडावर खोटंच बोललो असतो.