सबिनाची वेगळी कढई

आमच्या गडमुडशिंगीत सबिना शिलाईवालीचं नाव काढलं की बायका म्हणणार, "बाई गुणाची, पर नखरं लई." नखरं कसलं, तर तिला शेंगदाणा चालत न्हाय. पोटात गेला की ओठ सुजत्यात, गळा आवळतो. आणि आमच्याकडं कूट न्हाय अशी भाजी हुडकून दावा की! म्हणून ती लग्नाबारशाला आपला डबा घेऊन जायची. मग लोकांची तोंडं वाकडी. आमच्या हातचं चालत न्हाय व्हय हिला?

फक्त माझ्या घरी ती डबा आणत नव्हती. तिच्यासाठी मी बारकी कढई आणि पळी वेगळी ठेवलेली.

आमच्या वास्तुशांतीला मी त्या कढईत बिनकुटाची वांगी केली, झाकून ठेवली आणि पावण्यांकडं भाईर गेले. पंगतीत बसल्यावर सबिनानं विचारलं, "वैनी, ह्यात कूट न्हाय न्हवं?"

"मी केलंय. बिनघोर खा."

दुसऱ्या घासालाच तिचा हात गळ्याकडं गेला. ओठ टम्म, श्वास घेता येईना. रिक्षात घालून दवाखाना गाठला. इंजेक्शन वेळेत मिळालं म्हणून वाचली.

घरी आले तर माझी थोरली जाऊ, तानाबाई, निवांत पान चघळत बसलेली. म्हणाली, "मूठभर कूट मीच टाकला. म्हटलं बघूया, खरंच काय हुतंय का सोंग हाय. आणि बिनकुटाचं वांगं वाढल्यावर घराची अब्रू काय ऱ्हाती?"

मला शिसारी आली. तिच्या त्या रंगलेल्या तोंडाची, त्या मुठीची. बाईचा जीव जाता जाता राहिला आणि हिला वांग्याची अब्रू पडलेली.

दुसऱ्या दिवशी हीच बया दवाखान्यात भेटायला आली. डबा उघडला तर आत दाण्याचे लाडू. "गूळ घातलाय, ताकद येती," म्हणाली. सबिनानं तोंड भिंतीकडं फिरवलं. मी तो डबा उचलला, चार बायकांदेखत कचऱ्यात पालथा केला आणि साबण लावून हात धुतले.

सबिना घरी आल्यावर मी ब्लाउजचं कापड घेऊन तिच्याकडं गेले. म्हटलं, "रविवारी जेवायला ये. घरात मी एकटीच हाय. तुझी कढई घासून पुसून ठेवलीया."

तिनं कापड टेपानं मोजलं, घडी घालून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "येते की वैनी."

रविवारी आली. हातात डबा होता.