चूझी पोरगी

इंग्रजीत चूझी म्हणजे ज्याला सहजासहजी काही पसंत पडत नाही असं माणूस. बाई की बाप्या, हे शब्द सांगत नाही. आमच्याकडं मात्र ठरलेलं आहे. ढिगानं मुली बघून नाक मुरडणारा मुलगा चोखंदळ, आणि एकाच स्थळावर विचार करायला वेळ मागणारी मुलगी चूझी. याला कुणी रीत म्हणो, मी सरळ अन्याय म्हणते.

ती मुलगी मीच होते. वाशीचे पाहुणे बघून गेले होते. चहा झाल्यावर मी मुलाला विचारलं होतं, लग्नानंतर मुलींच्या हक्कांसाठी गावोगाव सभा घ्यायचं माझं काम चालू राहील ना? त्यानं वडिलांकडं बघितलं. वडील म्हणाले, "आता फिरणं पुरे." संध्याकाळपर्यंत आमचा होकार हवा होता.

त्या दुपारी तामलवाडीच्या रानात आई आणि मी बियाण्यासाठी ज्वारीची कणसं निवडत होतो. काढणीआधी उभ्या पिकात शिरून चांगली तेवढीच खुडायची. ज्वारीची उभी ताटं डोक्यावर गेलेली, ऊन पानांतून गाळून आलेलं. आई दिसायची नाही, नुसत्या बांगड्या वाजायच्या. वाटायचं, या रानाला पलीकडची कडच नाही. असंच चालत राहावं, वाळल्या पानांच्या सळसळीत संध्याकाळ विरून जावी.

तेवढ्यात बांधावरून मामा आला.

"आक्का, लई चूझी करून ठेवली पोरगी. नोकरी हाय, शेत हाय, अजून काय पायजे?"

आई आतूनच बोलली, "तू बायको बघायला गेलतास, तवा तिला अंगणात दोनदा चालायला लावलंस."

"ते येगळं, आक्का."

"व्हय. चालणारी ती होती."

आई ताटं बाजूला सारून माझ्यासमोर आली. "तुझं काय?"

दुसऱ्यांच्या मुलींसाठी मी पत्रकं लिहिली होती, चौकात ओरडून वाटली होती. स्वतःसाठी एकच शब्द लागला.

"नको," मी म्हणाले.

"मग तूच कळव. म्या न्हाय सांगणार," मामा म्हणाला आणि फोन माझ्या हातात दिला.

रेंज फक्त विहिरीच्या कठड्यावर यायची. मी वर चढले. तिथून सगळं रान खाली पसरलेलं दिसलं, पिवळं, हळूहळू डुलणारं. पलीकडून मुलाच्या वडिलांनी फोन उचलला. मी आधी माझं नाव सांगितलं.