बाबांनी बुजवलेले झरोके

माझा आतेभाऊ टीव्हीवर मुलाखत द्यायला बसला की माझं डोकं फिरतं. "लहानपणी मी उपाशी झोपायचो," असं तो सांगतो. उपाशी! आमच्या घरात स्वतःचं संपवून दुसऱ्याच्या ताटात हात घालणारा एकच प्राणी होता, आणि तो हाच. आज त्याच्या गिटारीवर हजारो माणसं नाचतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण माझा दादा त्याच्या मुलाखतीत येतो तो एवढाच, की "माझा मामेभाऊही गायचा." त्या 'ही'चा मला संताप येतो.

बाबांचा गादी कारखाना होता. कारखाना म्हणायचं आपलं. आमच्या घरालाच लागून, पुढे दुकान आणि मागे एक लांबट खोली. तिच्यात कापूस पिंजायचं यंत्र आणि छतापर्यंत रचलेले गठ्ठे. बाबा दाभण घेऊन बसले की टाके इतके सरळ पडायचे की आई म्हणायची, "संसारात एवढं सरळ वागला असतात तर?" बाबा नुसते हसायचे. आत्याचा नवरा गेला आणि ती पोराला घेऊन आमच्याकडे राहायला आली, तेव्हा बाबांनी दादात आणि त्या पोरात कधी डावं-उजवं केलं नाही. फक्त त्याचं रडणं ऐकून त्याचं नाव भोंगा ठेवलं. ते त्याला चिकटलं.

शाळा संपल्यावर दादा बाबांच्या यंत्रावर बसला आणि भोंगा सायकलच्या दुकानात लागला. दोघांना रॉकचं वेड लागलं ते त्याच सुमारास. भोंग्याने कुठूनशी जुनी गिटार पैदा केली, शेजारच्या शिंप्याच्या मुलाने ड्रम आणले, आणि गायचा दादा. आता कुणाला पटणार नाही, पण गळा दादाचा होता. वरचा सूर एकदा धरला की तो सोडायचाच नाही, ऐकता ऐकता आपलाच श्वास कोंडायचा. भोंगाही साथीला गायचा, पण तेव्हा तो त्याच्यामागून फरफटत यायचा.

घरात तालीम सुरू झाली आणि शेजारपाजार उठला. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरीणबाई खाली येऊन म्हणाल्या, "या घरात एक तर ही पोरं राहतील, नाहीतर मी." बाबांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. त्या गेल्यावर पोरांना म्हणाले, "मागच्या खोलीत बसा. कापसात तोफ डागली तरी बाहेर शिंकेएवढा आवाज जाईल."

पण आवाज वरच्या झरोक्यांतून जायचाच. मग बाबा स्टुलावर चढले. एकेका झरोक्यात चिंध्या आणि कापूस ठासला, वरून खोळीचं जाड कापड ठोकलं. दाराच्या फटींनाही पट्ट्या मारल्या. बाबांचं काम, त्यात खोट कुठली निघायला? मास्तरीणबाई खूश, पोरं तर हवेतच. रोज संध्याकाळी यंत्र थांबलं की तिथेच गाणं सुरू व्हायचं. सकाळी ते सगळं उचकटून संध्याकाळी पुन्हा कोण ठोकणार? झरोके तसेच बंद राहिले.

पुढे दादाला खोकला लागला. आठवड्याची सुट्टी संपून पुन्हा कामाला बसला की त्याची छाती जास्तच भरून यायची. आई काळजीने म्हणायची, "त्याला जरा दाखवून आणा हो." बाबा म्हणायचे, "मी जन्मभर कापूस खाल्ला, मला काय झालं? कापूस आहे तो, विष नाही." त्यांच्या जन्मभर झरोके उघडे होते, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. भोंगा दिवसभर बाहेरच्या हवेत असायचा. दादा मात्र दिवसभर पिंजायचा आणि संध्याकाळी त्याच धुळीत, वरच्या सुरासाठी, छाती फुगवून श्वास घ्यायचा.

एक दिवस रेकॉर्ड कंपनीचा माणूस ऐकायला आला. दादाने सूर धरला आणि तो मध्येच तुटला. खोकून खोकून दादा गुडघ्यांवर हात टेकून वाकला. भोंग्याने वाजवता वाजवता तोच सूर उचलला. त्याचा आवाज बारीक होता, पण तुटला नाही. तो माणूस भोंग्याला घेऊन जायला तयार झाला.

"दादाशिवाय मी जाणार नाही," भोंगा म्हणाला. खोटं कशाला बोलू, मनापासून म्हणाला.

"जा रे," दादा म्हणाला. "बरा झालो की मागून येतोच. माझी जागा धरून ठेव."

भोंगा गेल्यावर बाबा दादाला डॉक्टरकडे घेऊन गेले. मी बरोबर होते. डॉक्टरांनी विचारलं, "कामाच्या जागी हवा खेळती आहे ना?"

"होती," बाबा म्हणाले. "पोरांना गाता यावं म्हणून मीच बुजवली."

घरी आल्यावर पायातल्या चपलाही न काढता बाबा स्टुलावर चढले आणि हातांनी कापूस उपसायला लागले. दादा दारातून सारखा म्हणत होता, "बाबा, उतरा खाली, पडाल." उजेड आत आला आणि आम्ही ज्यात वावरत होतो ती धूळ मला पहिल्यांदा दिसली. बाबांना मी रडताना कधी पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं.

दादा सुधारला नाही. भोंग्याची पहिली रेकॉर्ड त्याने अंथरुणात पडून ऐकली आणि म्हणाला, "गाढव, श्वास चुकीच्या जागी घेतोय. त्याला सांगायला हवं." ते सांगायचं राहूनच गेलं. दादा गेला. बाबांनी आम्हा सगळ्यांना बजावलं, "छातीच्या आजाराने गेला, एवढंच भोंग्याला कळवा. झरोक्यांचं बोलू नका. गाताना त्याच्या मनात येईल."

पुढे भोंग्याचं नाव झालं आणि गेल्या वर्षी तो कॅमेरेवाले घेऊन घरी आला. बंद पडलेल्या खोलीत त्याने बाबांना खुर्चीवर बसवलं, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "यांचे उपकार सात जन्मांत फिटायचे नाहीत." मुलाखत घेणाऱ्या बाईंनी हसून विचारलं, "मामा, तुम्ही ही खोली दिली नसती तर काय झालं असतं?"

"माझा मुलगा जगला असता," बाबा म्हणाले.

भोंग्याने कॅमेरा बंद करायला लावला. बाबांच्या पुढ्यात जमिनीवर बसून त्याने विचारलं, "मामा, काय बोलताय हे?" बाबांनी त्याला सगळं सांगितलं. झरोके, धूळ, डॉक्टर, सगळं. भोंगा लहानपणी रडायचा तसा रडायला लागला. "मला कुणी सांगितलं का नाही?" म्हणून पुन्हा पुन्हा विचारत राहिला.

बाबांनी त्याचं तोंड दोन्ही हातांनी पुसलं. म्हणाले, "तुला गायचं होतं ना बाळा. एकाचा तरी गळा राहायला हवा होता."