गुरुजींची पट्टी

कळंबला आम्हा प्राथमिक शिक्षकांचं संगीताचं प्रशिक्षण घ्यायला दरवेळी त्याच मॅडम येतात. स्वतःची पेटी कुणाला उचलू देत नाहीत. आम्ही गात असताना मान तिरकी करून रांगांतून फिरतात. "येऊ द्या, येऊ द्या," एवढंच म्हणतात.

यंदा प्रार्थनेच्या मध्येच त्या तेरच्या वयस्कर गुरुजींपाशी थांबल्या. "गुरुजी, नुसते ओठच हलवताव व्हय?"

"आवाज चढत न्हाय मॅडम. लोक हसतेत."

आम्ही हसलोच. मॅडमनी गुरुजींना नुसता 'आ' लावायला सांगितला, पेटीशी जाऊन बसल्या, तो सूर शोधला आणि आमच्याकडं वळल्या. "आता समद्यांनी इथं खाली यायचं."

आम्ही गुरुजींच्या खालच्या पट्टीत प्रार्थना धरली. प्रार्थना संपली, आम्ही थांबलो. गुरुजींनी मात्र पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. मॅडमनी पेटी थांबवलीच नव्हती.